मिरजेहून मुंबईला, गिटारीसाठी

गिटार घ्यायला मिरजेतून मुंबईला गेलो हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. आमच्या गावात रस्त्याकडेला भोपळे वाळत पडलेले असतात, घराघरात दांड्या तासल्या जातात, आणि इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावातून वाद्य आणायला बाहेर जायचं म्हणजे हापूसच्या बागेत राहून आंबा वाशीहून मागवण्यातला प्रकार. पण गिटार ही काही मिरजेत होत नाही, आणि भाचीला गिटारच हवी होती.

भाची एकोणीस वर्षांची. गेली तीन वर्षं माझ्या कॉलेजातल्या जुन्या गिव्हसनवर वाजवतेय. महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांची पहिली गिटार ही कलकत्त्याची गिव्हसनच असते असं माझं निरीक्षण आहे, आणि निम्म्या लोकांनी गिटार सोडून देण्याचं कारणही तीच. तारा दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, म्हणजे पडद्यांपासून, इतक्या वर, की एफ कॉर्ड धरताना माणूस घामाघूम. बहिणीचं म्हणणं, ऑनलाइन मागवा, घरपोच येते. शेजारचे तंतुवाद्यवाले चाचा मात्र पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "वाद्य मांडीवर घेतल्याबिगर पैसे काढू नका." झालं, ठरलं. भाचीने त्याला एक पुरवणी जोडली: "मामा, आणि एकदा तरी समोर बसून ऐकायचंय. फोनवर नाही."

बुधवार रात्र

महालक्ष्मी एक्सप्रेस. जुनी गिव्हसनही बरोबर घेतली, दुरुस्तीला. वरच्या बर्थवर गिटार, तिच्या पायथ्याशी भाची. समोरच्या काकूंनी विचारलं, "मुलगी कार्यक्रम करते का?" भाचीने डोक्यावरून चादर ओढली.

गुरुवार

साडेसातच्या सुमाराला सीएसएमटी. मावसबहिणीकडे दादरला उतरायचं होतं, पण सामान फार नव्हतं आणि धोबीतलाव तिथून चालत पंधरा मिनिटांवर. म्हटलं, आधी काम, मग आंघोळ. चूक केली. वाद्यांची दुकानं दहा-साडेदहाशिवाय उघडत नाहीत, ही गोष्ट पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

वेळ काढायचा म्हणून सावकाश निघालो. महापालिकेवरून, आझाद मैदानाच्या कडेने, कामा हॉस्पिटल ओलांडून सेंट झेवियर्स कॉलेज. तिथून मागच्या गल्लीत शिरलो आणि भाचीला रंगभवन दाखवलं. म्हणजे गेट दाखवलं. आत बघण्यासारखं काही चालू नव्हतंच.

माझ्या पिढीच्या गिटारवाल्यांसाठी रंगभवन म्हणजे पंढरपूर, न गेलेल्यांसाठी सुद्धा. खुलं नाट्यगृह. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा इथे झाली, सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला अमेरिकेतून येऊन इथे वाजवून गेला. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक, रॉक बँडचा महोत्सव. कॉलेजची पोरं काळे टीशर्ट घालून दर पावसाळ्यात इथे जमायची. रॉक मशीनचा महेश तिनईकर गिटारवर उभा राहिला, की आमच्यासारख्या खेड्यापाड्यातल्या मुलांना वाटायचं, तिनईकर म्हणजे आपल्यातलाच की! (ते बहुधा खरं नव्हतं, पण आडनावाचा आधार मोठा असतो.) याच बँडचं पुढे १९९३ साली इंडस क्रीड झालं.

मग आवाजाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. आता रंगभवनच्या आजूबाजूला बघा: या हाताला कॉलेज, त्या हाताला कामा, पलीकडे जी. टी. हॉस्पिटल. एकाही बाजूने सुटका नाही. संगीत थांबलं ते थांबलंच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. बाळंतिणीच्या वॉर्डाला ड्रम सोलो कशाला? पण त्या आवाजाला दुसरी उघडी जागा शहराने दिली नाही, तो बंद दारांच्या आत गेला, आणि बंद दारावर तिकीट असतं, खाण्यापिण्याचं बिल असतं, आणि दरवान असतो. या दरवानाची गाठ आम्हाला दुसऱ्याच दिवशी पडायची होती.

झेवियर्सच्या चौकातली आणखी एक गोष्ट भाचीला सांगितली. १९५८ साली अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या व्हायोलिनवादकाने इथे आपल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. हे गोन्साल्विस लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. सिनेमातल्या त्या सुप्रसिद्ध अँथनी गोन्साल्विसचं नाव यांच्यावरून आलं. भाची म्हणाली, "म्हणजे तो माणूस खरा होता?" मजोर्ड्याचा होता, आणि २०१२ पर्यंत होता.

समोर मेट्रो सिनेमा, आणि त्याच्या समोर जेर महाल. ही इमारत नीट बघण्यासारखी आहे. लाकडी सज्जे, वर गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे मुंबईत कामाला आलेल्या गोवेकरांनी आपापल्या गावाच्या नावाने चालवलेल्या खोल्या. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी आणि वाजवणारे इथे ट्रंक ठेवून राहायचे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात इतके गोवेकर कसे याचं अर्धं उत्तर या जिन्यांत आहे. व्हायोलिन, ट्रम्पेट आणि नोटेशन वाचायची सवय ते गावच्या चर्चमधून घेऊन आलेले. आणि जिथे वाजवणारे राहतात तिथेच तारा आणि रीड विकणारं दुकान चालणार. धोबीतलावला वाद्यांची दुकानं का, याचं कारण इतकं साधं आहे.

खाली कयानी. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. ब्रून मस्का चहात बुडवून खाल्ला. भाचीने गिटार शेजारच्या खुर्चीवर बसवली होती. वेटरने ती बघून तिच्यापुढेही पाण्याचा ग्लास ठेवला आणि काही न बोलता निघून गेला.

साडेदहाला फुर्टाडोज. १८६५ चं दुकान. एकेकाळी वाद्यांबरोबर चर्चला लागणाऱ्या वस्तू विकणारं, आता देशभर शाखा असलेलं. आत शिरल्यावर पहिला वास येतो तो लाकूड आणि पॉलिशचा, आणि चाचांच्या कारखान्याच्या वासापेक्षा तो वेगळा आहे हे भाचीने माझ्याआधी ओळखलं. "इथे लाखेचा वास नाही, मामा." एका बाजूला संगीताची छापील पुस्तकं, परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी. भिंतीवर गिटारींची रांग.

आता इथे मी आमची परीक्षा करायची पद्धत सांगतो. शहाणपणा म्हणून नाही. आम्ही दोघांनी मिळून अकरा गिटारी हाताळल्या तेव्हा कुठे ती बसली.

पहिलं, गिटारीच्या पोटातलं भोक. त्याच्या कडेला लाकडाचे थर बघायचे. वरच्या पाटीवरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरलेल्या दिसल्या तर ती एकसंध लाकडाची. सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. दुकानदार त्याला सॉलिड टॉप म्हणतात, चाचा तबली म्हणतात, गोष्ट एकच: आवाज त्या पाटीतून येतो. प्लाय वाईट नसतो, दमट हवेत उलट टिकाऊ. पण वाजवून वाजवून खुलायचं असेल तर ते एकसंध लाकूडच खुलतं.

दुसरं, डोक्याकडून दांडीवर एक डोळा मिटून नजर टाकायची, सुतार फळी बघतो तशी. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस दिवसरात्र त्या दांडीला लटकून बसलेला. किंचित पोक असावा, पण किंचितच.

तिसरं, बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून स्वर काढायचा, मग तीच तार तिथेच दाबून. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. नाही आले तर गिटार कितीही सुंदर असो, परत भिंतीवर.

विक्रेता मुलगा पंचविशीचा, नखं फक्त उजव्या हाताची वाढवलेली. म्हणजे वाजवणारा. भाची लाजत होती, एकच कॉर्ड हळूच वाजवून थांबायची. त्याने तिला स्टूल दिलं, सूर तपासायचा ट्यूनर दिला आणि म्हणाला, "गिऱ्हाईक आलं तरी थांबायचं नाही. वाजव." आणि तो लांब गेला. माझ्या मते चांगलं दुकान ओळखायची एकच खूण आहे: तिथला माणूस कधी लांब जातो.

तासाभराने दोन गिटारी उरल्या. एक मोठ्या अंगाची, घुमणारी, आणि एक यामाहाची एफएस ८००, लहान अंगाची. मोठी वाजवताना भाचीचा उजवा खांदा कानाला लागत होता. आमचं बजेट पंचवीस हजार. लहानी त्यात बसत होती. मी म्हटलं घेऊन टाकू. ती म्हणाली, "अजून तीन दिवस आहेत." मिरजेची पोर ती. तंबोरा घेणारे गायक चाचांच्या ओट्यावर आठ-आठ दिवस येऊन बसतात हे ती लहानपणापासून बघत आली आहे.

दुपारी दादर, आंघोळ, मावसबहिणीच्या हातची आमटी, झोप.

शुक्रवार

सकाळी दादरातच हरिभाऊ विश्वनाथ. गिटारीसाठी नव्हे, मला पेटीचा आवाज ऐकायचा होता म्हणून. १९२५ पासून पेट्या बनवणारं हे घराणं. आमच्या मिरजेच्या भजनी मंडळाची पेटी यांचीच. भाचीने दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाली, "गिटारीसारखाच गंधार." या वाक्यावर मी नंतर येतो.

तिथून वांद्रे. लिंकिंग रोडच्या बाजूला भार्गवाज म्युझिक. धोबीतलावच्या दुकानात चर्चची शांतता आहे, इथे स्टुडिओची लगबग. खांद्यावर बॅग टाकलेली मुलं गिटारीचा आवाज बदलणारं पेडल बदलायला येतात, कुणी मायक्रोफोनच्या वायरी घ्यायला. इलेक्ट्रिक गिटार बघायची तर इकडे यावं. भाचीने आयुष्यात पहिल्यांदा अ‍ॅम्पला जोडलेली गिटार वाजवली. एक तार छेडली आणि स्वतःच दचकली. मग अर्धा तास तिला मामा आठवला नाही.

तिसऱ्या दुकानाचं नाव सांगत नाही. भिंतीवर पाटी: परवानगीशिवाय हात लावू नये. परवानगी मागितली तर प्रश्न आला, "घेणार आहात की नुसतं बघताय?" एक गिटार खाली काढून दिली. तिच्या तारांना इतका गंज की बोटं तांबडी झाली. मुंबईची खारी हवा तारा खाते, हे मान्य. पण विकायला ठेवलेल्या वाद्याच्या तारा बदलायच्या नसतील तर मग भाजी विकावी, निदान रोज ताजी आणावी लागते. आम्ही बाहेर पडलो. भाचीने पँटला बोटं पुसली.

संध्याकाळी लाइव्ह. फोनवर शोधून खारच्या बाजूची एक जागा काढली होती, चार जणांचा बँड, साडेआठची वेळ. दाराशी पोचलो. दरवानाने माझ्याकडे पाहिलं नाही, भाचीकडे पाहिलं आणि आधार कार्ड मागितलं. एकवीसच्या खाली प्रवेश नाही. मी म्हटलं, आम्ही पाणीसुद्धा पिणार नाही. तो अगदी सौजन्याने म्हणाला, "काका, नियम आहे." महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, आणि शहरातल्या बहुतेक बँडच्या जागा बारच्या परवान्यावर चालतात. म्हणजे कानांचं वय यकृतावरून ठरतं. दाराच्या फटीतून ड्रमचा साउंडचेक ऐकू येत होता. काही जागा कार्यक्रमाप्रमाणे वयाची अट बदलतात, अठराच्या वर चालतं, कधी पालकांबरोबर चालतं; पण ते तिकीट काढतानाच वाचायला हवं होतं. मी वाचलं नव्हतं.

फुटपाथवर उभं राहून मी तिला ब्लू फ्रॉगची गोष्ट सांगत बसलो, उगाच. २०११ साली बँकेच्या ट्रेनिंगला आलो होतो तेव्हा गेलो होतो. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये, जिथे पूर्वी गिरणी होती. गोल-गोल कोंडाळ्यांसारखी बसायची जागा, उतरत्या उंचीची, कुठूनही रंगमंच समोर. आवाजाचा विचार आधी आणि खाण्याचा नंतर केलेली मुंबईतली ती पहिली जागा असावी असं मला तेव्हा वाटलं. २००७ ला सुरू झाली, २०१६ ला बंद. आता त्याच कंपाउंडमध्ये अँटीसोशल आहे, नव्या बँडचे बरेच कार्यक्रम तिथे होतात. ज्या गिरणगावात भोंग्यावर दिवस चालायचा, शाहिरांचे डफ वाजायचे, तिथे आता बास गिटार. गिरण्यांच्या भिंती जाड असतात, आवाज बाहेर जात नाही. रंगभवनला जे जमलं नाही ते या भिंतींना जमलं, एवढंच.

"मामा," भाची म्हणाली, "तू २०११ मधून बाहेर येतोस का? इथे दोन गल्ल्या सोडून ओपन माइक आहे."

एक कॉफीची जागा. दारू नाही, त्यामुळे वयाची अट नाही. बारा टेबलं, कोपऱ्यात हातभर उंच लाकडी फळ्यांचा मंच. नाव नोंदवायची वही दारातच. प्रत्येकाला दोन गाणी. भाचीने नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

तिच्या आधी एका मुलाने कविता वाचली, एका मुलीने युकलेलीवर काहीतरी गोड गायलं, दोन मित्रांनी इंग्रजी गाणं म्हणताना मध्येच शब्द विसरून हसून घेतलं. लोक ऐकत होते. म्हणजे खरोखर ऐकत होते. फक्त कॉफीचं यंत्र मध्ये मध्ये रेड्यासारखं फुस्कारायचं.

हिची पाळी आली. गिव्हसनला पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरपर्यंत नेणारी सोय, नाही, म्हणून तिथल्या मुलाने आपली गिटार दिली. हिने आधी ती जुळवून घेतली, आणि इथे बसलेल्यांतले दोघं-तिघं पुढे सरकले. कारण ती नेहमीच्या स्वरांत नव्हती जुळवत. ती खालून वर डी, ए, डी, जी, ए, डी करत होती. आपल्या भाषेत सा, प, सा, म, प, सा. मोकळ्या तारा छेडल्या की तंबोऱ्यासारखा भरणा होतो, फक्त मध्ये एक शुद्ध मध्यम बसलेला, म्हणून त्यावर भूप-यमन नाही चालत; देस चालतो, खमाज चालतो. तिने देस वाजवला. पाच मिनिटं. एक तान चुकली, ती तिने तशीच पुन्हा घेऊन बरोबर केली. कॉफीचं यंत्र एकदाही फुस्कारलं नाही. काउंटरवरच्या मुलाने मुद्दाम थांबवून ठेवलं होतं, हे मी पाहिलं.

दुसरं गाणं ती विसरून गेली आणि खाली उतरली.

शनिवार

गिव्हसनची दुरुस्ती. काल गिटार देणाऱ्या मुलाने अंधेरीतला एक पत्ता दिला होता. औद्योगिक वसाहतीतला पहिल्या मजल्यावरचा गाळा. खाली छापखाना, शेजारी बटणांचं काम, आणि मध्ये हा दहा बाय पंधराचा कारखाना. भिंतीवर कानस, करवती, पट्ट्या. मानेने टांगलेल्या आठ-दहा गिटारी, खाटकाच्या दुकानात टांगतात तशा. कारागीर चाळिशीचा, कमी बोलणारा.

त्याने गिव्हसन हातात घेतली, वाजवली नाही. आधी पाठ ठोकली, टिचकीने, जागोजागी. मी आणि भाचीने एकमेकांकडे पाहिलं. चाचा भोपळा असाच ठोकतात.

मग पहिल्या पडद्यावर एक बोट, चौदाव्यावर दुसरं, आणि मधल्या पडद्याशी तारेखाली किती फट आहे ते बघितलं. पोस्टकार्ड जाईल इतकी हवी, इथे पेन्सिल गेली असती. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, तिला भोकातून षट्कोनी चावी लावून पाव फेरा दिला. थांबला. गाळ्यातला पंखा बंद केला, चहा मागवला. "लाकडाला कळायला वेळ लागतो," म्हणाला. चहा झाल्यावर आणखी पाव फेरा. घाई केली तर सळई तुटते किंवा दांडी, आणि दोन्हीचा इलाज गिटारीच्या किमतीपेक्षा महाग.

त्यानंतर तारा सोडून घोडीवरची पट्टी उपसून काढली. प्लास्टिकची. ती फेकली, डब्यातून हाडाची एक काढली आणि काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासायला बसला. दहा वेळा पुढे-मागे, मग मोजपट्टी, मग पुन्हा दहा वेळा. बाराव्या पडद्याशी बारीक तार दोन मिलिमीटर आणि जाड तार अडीच, हा त्याचा हिशोब. हाडाची पांढरी भुकटी त्याच्या मनगटावर बसत गेली. मिरजेत जवारी काढताना हेच चालतं: घोडीवर कानस, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा कानस. फरक एवढाच की हा तार भणभणू नये म्हणून घासत होता आणि आमचे चाचा ती नेमकी भणभणावी म्हणून घासतात. हे मी त्याला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. "म्हणजे त्यांना पाहिजे ते माझ्याकडे बिघाड म्हणून येतं."

दीड तासाने गिव्हसन परत हातात. भाचीने एफ धरला. एफ वाजला. तीन वर्षांत पहिल्यांदा सहाच्या सहा तारा. तिने माझ्याकडे बघितलं ते असं, की एवढी वर्षं हिला असल्या गिटारीवर शिकायला लावणारा मी कोण! बरोबर होतं तिचं. गिटार शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी नव्या गिटारीच्या आधी जुनीचं सेटिंग करून घ्यावं. नव्या गिटारीच्या किमतीच्या मानाने तो खर्च किरकोळ होता.

लोकलने मरीन लाइन्स, तिथून चालत पुन्हा धोबीतलाव. तोच विक्रेता, तीच एफएस ८००. भाचीने या वेळी ती सरळ सा-प-सा-म-प-सा करून घेतली आणि कान पोटाला लावून बसली. मग म्हणाली, "गंधार चढा आहे." विक्रेता गोंधळला, ट्यूनर पुढे केला, हिरवा दिवा लागला. दोघंही बरोबर होते. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेले असतात, पेटीच्या पट्ट्याही त्याच मापाच्या. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार त्यापेक्षा थोडा खाली असतो, सप्तकाचे बाराशे भाग केले तर चौदा भागांनी. ज्याने लहानपणापासून तंबोऱ्यांच्या गल्लीत अभ्यास केलाय त्याला ते टोचतं. भाचीने त्यावर काढलेला उपाय मला आवडला: गंधाराच्या जागी ती तार थोडी घोडीकडे रेटून धरते, स्वर केसभर उतरतो. "चालेल," ती म्हणाली. बिल झालं. बॅग, तारांचा एक जादा संच, आणि त्याने स्वतःहून दिलेली दोन प्लेक्ट्रमं.

काळा घोड्याकडून गेलो. र्‍हिदम हाउस या कॅसेट-रेकॉर्डच्या जुन्या दुकानाच्या बंद दाराशी मी मिनिटभर थांबलो, भाचीला कॅसेट म्हणजे काय हे पुन्हा सांगायच्या फंदात पडलो नाही. २०१६ ला बंद झालं ते.

रात्री एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. नरिमन पॉइंटचं टोक. १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था, आत पाच-सहा रंगमंच. इथे मात्र कुणी वय विचारलं नाही; फक्त वेळेवर या, फोन बंद करा. त्या संध्याकाळी गिटार, उभा बास आणि ड्रम अशी तिघांची मैफल होती, छोट्या सभागृहात. माझं जॅझचं ज्ञान यथातथाच. पण बासवाल्याने एक आवर्तन नुसतं मोकळं सोडलं आणि गिटारवाला तिथे आलाच नाही, डोळे मिटून बसून राहिला, मग समेच्या अलीकडे अर्ध्या मात्रेवर उतरला, तेव्हा भाचीच्या तोंडून "वा" निघालं. मोठ्याने. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. पुढच्या वेळी त्याने तसंच केलं तेव्हा त्या बाईही "वा" म्हणाल्या.

तिकीट आदल्या रात्रीच्या ठिकाणी नुसत्या आत जायला लागणार होतं साधारण तितकंच. बाहेर आलो तर समोर काळा समुद्र, मरीन ड्राइव्हचे दिवे. नवी गिटार खांद्यावर असलेल्या मुलीला रात्री दहा वाजता चर्चगेटपर्यंत चालत न्यायला या शहरात काही वाटत नाही, याची मात्र नोंद करायला हवी. शेवटची लोकल एकच्या सुमाराला असते. आम्ही दहा चाळीसची धरली.

रविवार

उशिरा उठलो. दुपारी वांद्रे किल्ला. वाटेत मेहबूब स्टुडिओ बाहेरून. २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव इथे भरत आलाय, फेब्रुवारीत, आणि पुढच्या फेब्रुवारीला भाची वीसची असेल, असा हिशोब तिने तोंडी केला. किल्ल्याच्या पायऱ्यांवर एक मुलगा एकटाच समुद्राकडे तोंड करून गिटारीवर एकच तुकडा घोटत होता. आम्ही लांब बसलो. भाचीने पिशवीतून नवी काढली नाही. "त्याची जागा आहे," म्हणाली.

संध्याकाळी सव्वाआठनंतर महालक्ष्मी. एका बर्थवर दोन गिटारी, भाची बसून. तिकीट तपासनीसाने विचारलं, "यांची तिकिटं?" आम्ही हसलो तसा तोही हसला.

पहाटे सहाला मिरज. रिक्षावाल्याने दोन्ही बॅगा बघितल्या.

"सतारी काय ओ?"

"नाही, गिटार."

"कुठनं आणलासा?"

"मुंबईवरनं."

त्याने रिक्षा सुरू केली, गल्लीच्या तोंडाशी वाळत घातलेले भोपळे चुकवत वळवली, आणि मग मागे न बघता म्हणाला, "मिरजेत काय वाद्यं मिळंनात व्हय?"